खारघरचे सेंट्रल पार्क : हिरवळ मिळाली, सावली केव्हा?

गावाहून आलेल्या पाहुण्यांना कुठे न्यावे, हा प्रश्न मुंबईकराला कधी पडत नाही. राणीची बाग आहे, चौपाटी आहे, गेटवे आहे. नवी मुंबईकर मात्र बरीच वर्षे या प्रश्नापुढे अडखळत असे. रुंद रस्ते, भव्य रेल्वे स्थानके आणि पाम बीच मार्ग दाखवून झाला की पाहुण्यांना घेऊन तो पुन्हा मुंबईकडेच वळत असे. ही उणीव काही अंशी भरून निघाली ती २०१० साली. खारघरच्या सेक्टर २३, २४ आणि २५ मध्ये, डोंगरांच्या कुशीत सिडकोने उभारलेले सेंट्रल पार्क त्या वर्षी नागरिकांसाठी खुले झाले. पुढे २०१२ साली नेरुळमध्ये महापालिकेचे वंडर्स पार्क आले आणि जगातील आश्चर्यांच्या प्रतिकृती पाहायला बालगोपाळांची रीघ लागली. त्या उद्यानाची जात वेगळी. तिथे काहीतरी पाहायला जायचे असते. सेंट्रल पार्कमध्ये नुसते जायचे असते, आणि नुसते जाता येईल अशी मोठी जागा ही महानगरातील सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

या उद्यानाच्या आकाराविषयी निरनिराळे आकडे छापले गेले आहेत. कुठे ८० हेक्टर, तर कुठे ११९. आशियातील सर्वांत मोठ्या उद्यानांपैकी एक, असेही त्याचे कौतुक अनेकदा होते. अशी बिरुदे जरा सबुरीनेच घ्यावीत. लहानात लहान म्हणजे ८० हेक्टरांचा आकडा धरला तरी ते सुमारे दोनशे एकर होतात. दादरचे शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचे. म्हणजे सात शिवाजी पार्क एका ठिकाणी मांडल्यासारखे हे क्षेत्र झाले. न्यूयॉर्कचे मूळ सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे, तर लंडनचे हाइड पार्क साडेतीनशे एकरांचे आहे. खारघरच्या उद्यानाची कल्पना मांडली जात होती तेव्हा याच दोन नावांचा उल्लेख होत असे. नाव न्यूयॉर्कहून आले, नमुना म्हणून लंडनकडे बोट दाखवले गेले आणि जमीन मात्र कोकणातली होती. या उद्यानाचे गुण आणि दोष समजून घ्यायचे तर इथूनच सुरुवात करावी लागते.

न्यूयॉर्कचे उद्यान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने आखले. ते शहर थंड हवेचे. तिथे वर्षातील बरेच महिने माणूस उन्हाला आसुसलेला असतो. ऊन पडले की लोक घराबाहेर येऊन गवतावर पहुडतात. तिथल्या उद्यानातील विस्तीर्ण हिरवळ ही सूर्यप्रकाश साठवण्याची परात आहे, असे म्हटले तरी चालेल. कोकणातला माणूस नेमके उलटे करतो. तो उन्हातून चालताना पुढचे झाड कुठे आहे ते पाहतो आणि त्या हिशेबाने पावले टाकतो. आपल्याकडे गावात चार माणसे जिथे जमतात ती जागा म्हणजे पार. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती बांधलेला दगडी कट्टा. आधी झाड आणि मग त्याच्याभोवती बैठक, असा हा क्रम आहे. आमराई आणि देवराई यांचा क्रमही तोच. पार्क या शब्दात योगायोगाने पार आहे, पण उद्यानाचा आराखडा काढताना तो पार आराखड्यात उतरतोच असे नाही.

सेंट्रल पार्कमध्ये सकाळी सहा-साडेसहाला गेलेल्या माणसाला यातले काहीच जाणवणार नाही. डोंगरामागून उजाडत असते, वारा सुटलेला असतो, पायवाटांवर चालणाऱ्यांची वर्दळ असते. निवृत्त मंडळींचे कंपू, कानात यंत्रे अडकवून धावणारी तरुण मुले, योगासनांचे गट आणि चेंडूमागे धावणारी पोरे या साऱ्यांना पुरून उरेल एवढी जागा इथे आहे. चाळीस मजली इमारतींच्या दिशेने निघालेल्या या परिसरात आकाश एवढे मोठे दिसण्याची ही एकच जागा उरली आहे, असे इथे नियमाने येणारे सांगतात, ते खोटे नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यात नऊ वाजले की चित्र पालटते. दहाला हिरवळ ओस पडते. दुपारी इथे येण्याचे धाडस बहुधा प्रेमी युगुलेच करतात, आणि तीही एखाद्या झाडाचा आडोसा गाठून.

सावली आणि पारा

या ठिकाणी थोडे शास्त्र समजून घ्यायला हवे. उन्हात आणि सावलीत हवेचे तापमान जवळजवळ सारखेच असते. तापमापकातील फरक एखाद-दोन अंशांचा. शरीराला जाणवणारा फरक मात्र प्रचंड असतो, कारण उन्हात उभ्या असलेल्या माणसावर सूर्याचे किरण थेट आदळतात आणि तापलेला रस्ता, फरशी व भिंत हीही त्याच्याकडे उष्णता फेकत असतात. झाड हे दोन्ही मारे अडवते. शिवाय पानांतून बाष्प बाहेर पडताना भोवतालची उष्णता शोषली जाते. नुसत्या पत्र्याच्या छपराला हे जमत नाही, कारण पत्रा स्वतःच तापतो.

त्यात किनारपट्टीचा दमटपणा. शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता वाहून नेतो. विदर्भात बेचाळीस अंशांत घाम झटकन वाळतो, तर कोकणात अडतीस अंशांतही तो नुसता निथळत राहतो आणि शरीर आतून तापत जाते. म्हणूनच भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंश ठेवला असला, तरी किनारी भागासाठी तो ३७ अंशांवर आणला आहे. त्या जोडीला पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलेला असावा लागतो.

हे निकष कागदावरचे वाटत असतील, तर १६ एप्रिल २०२३ हा दिवस आठवावा. त्या दिवशी खारघरमधीलच विस्तीर्ण मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा जनसमुदाय भर उन्हात तासन्‌तास बसून होता. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्य शासनाने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर असे कार्यक्रम घेण्यास मनाई केली. मैदान वेगळे आणि उद्यान वेगळे हे खरे. पण हवा तीच, ऊन तेच आणि डोंगरांनी वेढलेली दरीही तीच. सावली ही उद्यानातील शोभेची बाब आहे असे मानणाऱ्यांना त्या दुपारने उत्तर दिले आहे.

उष्ण कटिबंधात मोठे उद्यान कसे असावे, याचे नमुने शोधण्यासाठी लंडनला जाण्याची गरज नव्हती. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, एकोणिसाव्या शतकातील साठच्या दशकात सुरू झाले. आखणी साहेबाची, पण लागवड इथल्या उन्हाला ओळखून केलेली. अवघ्या पन्नास-बावन्न एकरांत तीन हजारांवर झाडे आहेत. गोरखचिंचेसारखे अजस्र वृक्ष आहेत, आणि मे महिन्यात भर दुपारी तिथे शाळकरी मुलांच्या रांगा चालू असतात. सिंगापूरचे वनस्पती उद्यान १८५९ सालचे. आकाराने ते ८२ हेक्टर, म्हणजे आपल्या सेंट्रल पार्कएवढेच भरते. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या शहरात लोक दिवसभर या उद्यानात वावरतात, कारण मोठाल्या वृक्षांची छत्री डोक्यावर असते. २०१५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. या दोन्ही उद्यानांच्या पाठीशी दीडशे वर्षे आहेत आणि खारघरच्या झाडांना अजून वीस वर्षेही झालेली नाहीत, हे न्यायाने म्हटलेच पाहिजे. परंतु दीडशे वर्षांनी सावली मिळायची असेल, तर आज कोणते झाड लावले जाते याला महत्त्व येते.

या बाबतीत आपल्या शहरांची आवड अजब आहे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. दोन्ही लवकर वाढतात, फुलतात आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात छान दिसतात. गुलमोहराची मुळे उथळ असल्याने पहिल्याच वादळी पावसात तो आडवा होतो, हा अनुभव दर जूनमध्ये येतो. मुंबईतील शेकडो पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने वाळून गेले. खारघरच्या डोंगरात मात्र पळस, पांगारा, सावर, बहावा, करंज, जांभूळ ही मंडळी कातळावरच्या वीतभर मातीत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. त्यांना उन्हाळ्यात टँकर लागत नाही. तामण तर राज्याचे फूल आहे. या झाडांनी भरलेली शंभर एकर जागा खारघरसारख्या ठिकाणी काय चीज होईल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. उलट उद्यानाच्या पाठीमागच्या डोंगरावर दरवर्षी उन्हाळ्यात वणवे लागतात आणि आपोआप उगवलेली रोपे जळून जातात. एकीकडे लागवडीचे सोहळे आणि दुसरीकडे जळणारा डोंगर, असे हे विसंगत दृश्य खारघरकरांच्या अंगवळणी पडले आहे.

हिरवळीचा हिशेब पाण्याच्या बाजूनेही मांडता येतो. कडक उन्हाळ्यात गवत हिरवे ठेवायचे, तर दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. एका हेक्टरला ते पन्नास हजार लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्याच्या १३५ लिटर दरडोई या मानकाने पाहिले, तर सुमारे ३७० माणसांची ती दिवसाची गरज आहे. खारघरला हेटवणे धरणाचे पाणी येते, आणि उन्हाळ्यात इथल्या सोसायट्यांना टँकर मागवावे लागतात, ही गोष्ट नवी नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी बागांना वापरणे हा यावरचा सरळ उपाय. तरीही मोठे झाड चार-पाच वर्षांनी स्वतःचे पाणी स्वतः शोधते आणि हिरवळ कधीच शोधत नाही, हा फरक राहतोच.

जुलैतले काम

उष्ण कटिबंधातील उद्यानाला दोन पाळ्या कराव्या लागतात. मे महिन्यात सावली द्यायची आणि जुलैत पाणी धरायचे. दुसरे काम पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण त्या वेळी तो छत्री सावरण्यात गुंतलेला असतो. खारघरच्या डोंगरांवरून पावसाळ्यात असंख्य ओहोळ खाली येतात आणि दरीतून खाडीकडे जातात. शंभर मिलिमीटर पाऊस हा आपल्याकडे एका दिवसाचा, कधी कधी काही तासांचा मामला. ८० हेक्टरांवर तेवढा पाऊस पडला, तर आठ कोटी लिटर पाणी गोळा होते. ही जागा सिमेंटने झाकलेली असती, तर ते सारे पाणी एकदम खालच्या सेक्टरांच्या गटारांत उतरले असते. माती, मुळे आणि गवत त्यातले काही जिरवतात, उरलेल्याला उशीर लावतात. पुरात हा उशीरच महत्त्वाचा असतो.

नवी मुंबईच्या आखणीत पाण्याचा विचार पहिल्यापासून होता, ही फारशी न सांगितली जाणारी गोष्ट आहे. वाशी, नेरुळ, बेलापूरचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवला गेला. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी शहरापेक्षा वर जाते आणि नेमका तेव्हाच मुसळधार पाऊस असेल, तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यासाठी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव खोदण्यात आले. त्यांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी दारे असतात. भरतीच्या दाबाने ती बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की दारे उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो. वाशीचा मिनी सी शोअर आणि नेरुळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई ही लोकांची आवडती फिरण्याची ठिकाणे मुळात असे धारण तलावच आहेत. तिथे भेळ खात बसलेल्या कुटुंबाला आपण शहराच्या पूरनियंत्रण यंत्रणेच्या काठावर बसलो आहोत याची कल्पनाही नसते. आता या तलावांत गाळ साचला आहे, त्यात कांदळवने वाढली आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनांना कडक संरक्षण मिळाल्यामुळे गाळ काढण्याचा प्रश्न परवानग्यांच्या फेऱ्यात सापडला आहे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. कांदळवने किनारा राखतात आणि तलाव शहर राखतात.

मोकळ्या जागेची किंमत

नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या शहरासाठी ठरले. शहर उभारण्याचा खर्च जमिनीच्या विक्रीतूनच काढायचा, असे या प्रयोगाचे अर्थशास्त्र होते. ते बऱ्याच अंशी यशस्वीही झाले. पण त्यामुळे एक पेच कायमचा निर्माण झाला. विकता येण्याजोगा प्रत्येक भूखंड हा महसूल आणि न विकलेली प्रत्येक मोकळी जागा हा सोडलेला महसूल. जमिनीचे भाव जसे चढले, तसे मोकळ्या जागेवर डोळा ठेवण्याचा मोहही वाढला.

घणसोलीचे उदाहरण ताजे आहे. तिथे शासकीय क्रीडासंकुलासाठी वीस एकर जागा राखलेली होती. २०२१ साली हे संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात हलवण्याचा निर्णय झाला. घणसोलीतल्या मुलाने संध्याकाळी खेळायला शंभर किलोमीटरवर जावे, अशी ती योजना. वास्तुविशारदांच्या संस्थेने दाद मागितल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली तो निर्णय रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सेंट्रल पार्कच्या नशिबी असे काही आले नाही. मात्र त्याच्या शेजारीच शंभर हेक्टरांच्या घरातील गोल्फ मैदान २०१२ साली सुरू झाले. उद्यानात सारे गाव फिरते, मैदानात ठरावीक मंडळी खेळतात, आणि जागा दोघांना जवळपास सारखीच. उद्यानाच्या पुढील टप्प्यात थीम पार्क, जलक्रीडा वगैरे बेत जाहीर झाले होते. त्यांतील बरेच कागदावर राहिले. एका अर्थी हे बरेच झाले, असे म्हणणारेही आहेत, कारण थीम पार्क म्हटले की तिकीट आले आणि तिकीट आले की नुसते जाण्याची सोय गेली.

आणखी एक हिशेब आहे आणि तो खारघरच्या नव्या रहिवाशांना बहुधा ठाऊक नसतो. ही जमीन ओसाड नव्हती. खारघर, ओवे, मुर्बी, पेठपाडा या गावांच्या आसपास भातखाचरे होती, गुरचरण होते. शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातूनच पुढे आली. आज उद्यानात फिरायला येणाऱ्यांत त्या गावांची नातवंडे असतात. आजोबांनी जिथे नांगर धरला, तिथे नातू जॉगिंग करतो. जिथे इमारत उभी राहिली, तिथे हे चित्र दिसत नाही. उद्यानामुळे ती जमीन निदान नजरेला तरी उरली आहे.

जायचे तर कसे

पूर्वी खारघर स्थानकावरून रिक्षा किंवा बस हाच मार्ग होता. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही ११.१ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि तिच्या अकरा स्थानकांपैकी एकाचे नावच सेंट्रल पार्क आहे. ठाणे किंवा पनवेलकडून येणाऱ्यांनी बेलापूरला लोकल सोडून मेट्रो धरावी, वाहन लावण्याची कटकट वाचते. जानेवारी २०२५ मध्ये उद्यानाच्या परिसरातच इस्कॉनचे भव्य मंदिर खुले झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली आहे. शांतता हवी असेल, तर आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. उन्हाळ्यात सकाळी नऊपूर्वी किंवा साडेपाचनंतर जावे. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नये. वयस्कर माणसे बरोबर असतील, तर आधी सावलीतली बाके हेरून ठेवावीत.

उद्यान सर्वांत सुंदर दिसते ते पावसाळ्यात. डोंगर हिरवेगार होतात, कड्यांवरून पांढऱ्या रेघांसारखे धबधबे उतरतात आणि ढग अगदी खाली येतात. जवळचा पांडवकडा मात्र लांबूनच पाहावा. शंभर मीटरहून उंच असलेल्या या धबधब्याने अनेक तरुणांचे बळी घेतले असून तिथे जाण्यास बंदी आहे. त्या दिवसांत डोंगरावरच्या चाफेवाडी, फणसवाडी अशा पाड्यांकडच्या आदिवासी बायका रानभाज्यांच्या जुड्या घेऊन खाली उतरतात. टाकळा, कुर्डू, शेवळे. फेरफटका आटोपून घरी परतताना एखादी जुडी घ्यावी. शेवळे खाजरे असते. काकडे किंवा बोंडाऱ्याचा पाला घालून ते कसे शिजवायचे, हे त्या बाईलाच विचारून घ्यावे.